कोणी कोणाला सावरलं?

हेलन केलरची गोष्ट मराठी घरांना नवी नाही. शाळेच्या पुस्तकांतून, मुलांच्या मासिकांतून, वक्तृत्व स्पर्धांमधल्या पाठ केलेल्या भाषणांतून ती आपल्यापर्यंत येत राहिली. २००५ मध्ये आलेल्या संजय लीला भन्साळी यांच्या 'ब्लॅक' या हिंदी चित्रपटानं ती वेगळ्या रूपात पुन्हा घरोघरी नेली. पंपाच्या धारेखाली हात धरून उभी असलेली सहा वर्षांची मुलगी. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही. तिच्या दुसऱ्या तळहातावर बोटांनी 'पाणी' या शब्दाची अक्षरं उमटवणाऱ्या तिच्या बाई. हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे.

हे चित्र पाहताना आपली सगळी नजर असते ती मुलीवर. बाई म्हणजे नुसता दिवा लावणारा हात. मी स्वतः तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यामुळे असेल, पण मला या गोष्टीतल्या बाईंविषयीच अधिक कुतूहल वाटत आलं. कोण होत्या या? कुठून आल्या? आपलं सगळं आयुष्य त्यांनी एका परक्या मुलीच्या हातात का दिलं? चरित्रं वाचायला घेतली, तेव्हा ध्यानात आलं की त्या दिवशी पंपाशी उभ्या असलेल्या बाईंना एकवीस वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. त्यांना घर म्हणावं असं कुठेही नव्हतं. आणि त्या दोघींपैकी अधिक एकटं कोण होतं, हे सांगणं कठीण होतं.

ॲन सलिव्हनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फीडिंग हिल्स या खेड्यात झाला. आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्या गरीब, निरक्षर कुटुंबातली ही मुलगी. लहानपणीच डोळ्यांत खुपऱ्या झाल्या, उपचार झाले नाहीत आणि नजर अधू होत गेली. ती आठ वर्षांची असताना आई क्षयानं गेली. बाप दारूत बुडालेला. थोड्याच काळात त्यानंही हात वर केले. धाकटी बहीण नातेवाइकांनी ठेवून घेतली. अधू डोळ्यांची ॲन आणि खुब्याच्या क्षयानं लंगडणारा तिचा छोटा भाऊ जिमी यांना मात्र कोणाच्या घरात जागा मिळाली नाही. फेब्रुवारी १८७६ मध्ये या दोघांची रवानगी ट्यूक्सबरी इथल्या सरकारी निराधारगृहात झाली.

निराधारगृह म्हणजे मुलांचा आश्रम नव्हे. म्हातारे, वेडसर, असाध्य रोगांनी खंगलेले, दारूनं वाया गेलेले, नवऱ्यानं टाकलेल्या गरोदर बायका, असे ज्यांचं कोणी नाही ते सगळे एका छताखाली. तिथल्या कारभाराविषयी इतक्या तक्रारी झाल्या की १८८३ मध्ये राज्याचे गव्हर्नर बेंजामिन बटलर यांनी त्याची जाहीर चौकशी लावली. भावाला पुरुषांच्या दालनात नेऊ लागले, तेव्हा ॲननं आकांत केला. मग दोघांना एकत्र बायकांच्या दालनात ठेवलं. दालनाला लागूनच प्रेतं ठेवायची खोली होती. ही दोघं मुलं तिथेही खेळायची, कारण खेळायला दुसरी जागा नव्हती.

काही महिन्यांतच जिमी गेला. रात्री जाग आली, ॲननं अंधारात चाचपून पाहिलं, तर शेजारची खाट जागेवर नव्हती. ती धडपडत त्या खोलीत गेली. तिथे तिच्या हाताला भावाचा गार देह लागला. ती दहा वर्षांची होती. त्यानंतरची चार वर्षं तिनं तिथेच काढली.

१८८० मध्ये राज्याच्या धर्मादाय मंडळाचे फ्रँक सॅनबॉर्न पाहणीसाठी आले. अंधांसाठी शाळा असते एवढंच ॲननं कोणाकडून तरी ऐकलं होतं. पाहुण्यांच्या घोळक्यामागे ती दालनादालनांतून फिरली आणि शेवटी धीर करून ओरडली की मला शाळेत जायचंय. त्या एका ओरडण्यानं तिची सुटका झाली. ७ ऑक्टोबर १८८० रोजी ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली. वय चौदा, आणि स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. वर्गातल्या मुली बऱ्या घरच्या. त्या हसायच्या. ही चिडायची, उलट बोलायची. तिच्या भडकू स्वभावामुळे मुख्याधिकारी मायकेल ॲनाग्नोस यांनी तिला 'मिस स्पिटफायर' म्हणजे आगलावीच म्हणायला सुरुवात केली. तिला शाळेतून काढून टाकायची वेळही येऊन गेली.

एवढं सोसलेल्या मुलाच्या रागाकडे आपण बहुधा उद्धटपणा म्हणूनच पाहतो. शाळेत असताना अशी मुलं मी पाहिली आहेत. ज्याला लहानपणी माणसं सोडून गेली, ते मूल नव्या माणसाला आधी ढकलून पाहतं. हा टिकतो का जातो, याची ती परीक्षा असते. पर्किन्समध्ये ॲनच्या या परीक्षेत दोघी टिकल्या. एक सोफिया हॉपकिन्स, शाळेतल्या एका निवासाच्या गृहमाता. त्या विधवा होत्या, त्यांची ॲनच्या वयाची मुलगी वारली होती. सुटीत त्या ॲनला समुद्रकाठच्या आपल्या घरी नेऊ लागल्या.

दुसरी लॉरा ब्रिजमन. हेलनच्या आधी सुमारे पन्नास वर्षं हे सगळं जिच्या बाबतीत घडलं, ती ही लॉरा. दोन वर्षांची असताना स्कार्लेट फिव्हरमध्ये तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेली. डॉ. सॅम्युएल हाउ यांनी तिला पर्किन्समध्ये आणून शिकवलं. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिला भेटून गेले आणि त्यांनी तिच्यावर लिहिलं. जगभर नाव झालं, पाहुणे आले, गेले. पन्नाशीतली लॉरा आता शाळेतच राहून विणकाम, शिवणकाम करत होती. तिच्याशी बोलायचं तर तळहातावर बोटांनी अक्षरं काढावी लागत. घाईच्या माणसाला तेवढा वेळ नसे. ॲन ती लिपी शिकली आणि लॉराला बातम्या, गप्पा सांगत बसू लागली. एक मुलगी कोणाशी धड बोलत नव्हती, एका बाईशी फारसं कोणी बोलत नव्हतं. त्या दोघींचं जमलं. ॲनच्या डोळ्यांवर त्या काळात शस्त्रक्रिया झाल्या आणि थोडी नजर परत आली. १८८६ मध्ये ती वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. पण बाहेर पडून जायचं कुठे, हा प्रश्न होताच.

त्याच सुमारास दक्षिणेत अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावचे आर्थर केलर आपल्या मुलीसाठी शिक्षिका शोधत होते. हेलन एकोणीस महिन्यांची असताना आजारानं तिचे डोळे आणि कान गेले होते. तिच्या आईनं डिकन्सच्या पुस्तकात लॉराविषयी वाचलं होतं. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पर्किन्सला लिहा असं सुचवलं. ॲनाग्नोस यांनी नाव सुचवलं ते ॲनचं. राहून-खाऊन महिना पंचवीस डॉलर. ॲन गेली ती काही सेवेचं व्रत घेऊन नव्हे. पोटापाण्याची गरज होती म्हणून गेली. जाताना पर्किन्सच्या अंध मुलांनी हेलनसाठी एक बाहुली दिली. तिचे कपडे लॉरानं शिवले होते.

३ मार्च १८८७. ॲन टस्कंबियाला पोचली. पुढचे दिवस आपल्याला गोष्टीतून माहीत आहेत. हेलननं बाईंना खोलीत कोंडून किल्ली लपवली, शेवटी शिडी लावून त्यांना खिडकीतून उतरवावं लागलं. मारामारीत बाईंचा दात पडला. जेवणाच्या टेबलावर दुसऱ्यांच्या ताटांत हात घालणाऱ्या हेलनला चमच्यानं खायला लावताना सकाळभर झटापट झाली. घरच्यांना दया येत होती. ॲनला ती येत नव्हती. मला वाटतं, तिनं त्या मुलीला चटकन ओळखलं. अंधारात हात मारणारी, चिडलेली, कोणी समजून घेत नाही म्हणून सगळ्यांवर तुटून पडणारी मुलगी तिला परकी नव्हती.

५ एप्रिलला पंपाशी तो प्रसंग घडला. त्या दिवशी हेलन तीस शब्द शिकली. इथवर सगळे सांगतात. त्याच रात्रीची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ॲननं ती हॉपकिन्सबाईंना पत्रात कळवली होती. त्या रात्री ॲन अंथरुणावर पडली, तेव्हा हेलन आपण होऊन तिच्या कुशीत शिरली आणि तिनं पहिल्यांदाच तिचा मुका घेतला. आनंदानं ऊर फुटतो की काय असं झालं, अशा अर्थाचं ॲननं लिहिलं आहे. ट्यूक्सबरीतल्या त्या रात्रीनंतर अकरा वर्षांनी एक लहान मूल पुन्हा तिच्या शेजारी येऊन झोपलं होतं. ॲननं पत्रात जिमीचं नाव काढलेलं नाही. पण वाचणाऱ्याला तो आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी १८८८ ला लिहिलेल्या पत्रात ॲननं मन आणखी मोकळं केलं आहे. जगात आपला काही उपयोग आहे, आपण कोणाला तरी हवे आहोत, ही भावना फार मोठी असते; हेलन जवळजवळ प्रत्येक गोष्टीसाठी माझ्यावर विसंबून आहे, त्यानंच मला बळ येतं, आनंद होतो, असं ती सांगते. जिला आजवर प्रत्येकानं ओझं म्हणून पुढच्याकडे सरकवलं, तिचं हे बोलणं आहे. आपण म्हणतो बाईंनी हेलनला घडवलं. बाई म्हणतात, हेलनमुळे मी उभी राहिले.

ही मैत्री एकोणपन्नास वर्षं टिकली. हेलन १९०० मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयात गेली, तेव्हा प्रत्येक तासाला ॲन शेजारी बसून व्याख्यान तिच्या हातावर लिहीत होती. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं स्वतःच्या दुखऱ्या डोळ्यांनी वाचून तिला सांगत होती. १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाली. १९०५ मध्ये ॲननं हेलनच्या आत्मचरित्राच्या कामात मदत करणाऱ्या जॉन मेसी या लेखकाशी लग्न केलं. ते काही वर्षांनी विस्कटलं. पैशाची ओढाताण झाली, तेव्हा दोघींनी १९२० नंतर काही वर्षं रंगमंचावर कार्यक्रम करून पोट भरलं.

म्हणजे सगळं छान झालं, असं मात्र नाही. ॲनचा राग, अधूनमधून येणारी खोल उदासी अखेरपर्यंत गेली नाही. आणि ट्यूक्सबरीविषयी तिनं चाळीस वर्षांहून अधिक काळ हेलनलासुद्धा काही सांगितलं नाही. जिच्या हातावर तिनं लाखो शब्द लिहिले, तिच्यापासून हे एक नाव दूर ठेवलं. १९३० च्या सुमारास नेला ब्रॅडी ही लेखिका तिचं चरित्र लिहू लागली, तेव्हा कुठे साठी ओलांडलेल्या ॲननं ते दार उघडलं आणि हेलनला ते कळलं. हेलन तेव्हा पन्नाशीला आली होती. तिनं कधी विचारलं नव्हतं. न विचारता इतकी वर्षं ती शेजारी होती.

शेवटी ॲनची नजर पूर्ण गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी ती गेली, तेव्हा तिचा हात हेलनच्या हातात होता. पुढे हेलन आपल्या बाईंवर पुस्तक लिहीत होती. १९४६ मध्ये घराला आग लागून बरंचसं लिहून झालेलं हस्तलिखित जळालं. तिनं ते पुन्हा लिहिलं. ते 'टीचर' या नावानं १९५५ मध्ये निघालं. त्याच वर्षी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ती भारतात आली होती. पुढे १९७७ मध्ये अंध-बहिऱ्या मुलांसाठीची आपल्या देशातली पहिली शाळा बेरोझ वाच्छा यांनी मुंबईत सुरू केली, तिला हेलन केलरचं नाव दिलं गेलं. १९६८ मध्ये हेलन गेली, तेव्हा वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये तिच्या अस्थी ॲनच्या अस्थींशेजारी ठेवल्या गेल्या.

एका थोर माणसाची गोष्ट म्हणून हे बाजूला ठेवता येईल. पण अशाच गोष्टीचा पाठपुरावा शास्त्रानंही केला आहे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, दारुडे किंवा मनोरुग्ण आईबाप, मोडलेली घरं असं बरंच काही एकदम आलं होतं. अशा मुलांपैकी दर तिघांतलं एक मूल मोठेपणी धडधाकट, कर्तं, इतरांची काळजी घेणारं माणूस झालं. त्यांच्यात काय वेगळं होतं? एक कारण असं सापडलं की त्यांना निदान एक तरी मोठं माणूस असं लाभलं होतं, जे त्यांना धरून राहिलं. ते आईबापच असेल असं नाही. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. दुसरं कारण कमी बोललं जातं. यातल्या कित्येक मुलांवर धाकट्या भावंडाची किंवा घरातल्या एखाद्या कामाची खरीखुरी जबाबदारी होती. आपण केलं नाही तर कोणाचं तरी अडेल, हे त्यांना ठाऊक होतं.

हे वाचताना मला सातारचा एक वाडा आठवला. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली आणि मला चुलत्यांकडे ठेवलं. कोणी वाईट वागलं नाही. पण आईचा विषय त्या घरात कोणी काढत नसे, आणि मीही बोलायचं सोडलं होतं. समोरच्या बिऱ्हाडात एक आजी वाकळा शिवून द्यायच्या. दिसत कमी होतं. एक दिवस त्यांनी मला हाक मारली, "पोरी, तेवढी सुई ओवून दे गं." दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. मग शाळेत जाण्याआधी रोज सहा सुया ओवून त्यांच्या रिळात टोचून ठेवायच्या, हे माझं काम ठरलं. एकदा मी तापानं तीन दिवस पडून होते, तर त्या दाराशी येऊन काकूंना म्हणाल्या, "पोरगी बरी होऊ दे, माझी वाकळ तटलीय." माझ्यावाचून कोणाचं काही अडलंय, हे आईनंतर मी पहिल्यांदा ऐकलं. आजींनी आईविषयी मला कधी काही विचारलं नाही. पण पावसाळ्यातल्या एका दुपारी, सुया ओवता ओवता, मीच सांगायला लागले. त्यांनी हातातलं टाकं थांबवलं नाही, नुसत्या "हं, हं" करत राहिल्या. तेवढं पुरलं.

आपल्या ओळखीत अशी माणसं असतात. मामाकडे वाढणारा भाचा, वसतिगृहातून सुटीला येणारी पण कशातच न रमणारी मुलगी, लहानपणाचा विषय निघाला की उठून जाणारा ऑफिसातला सहकारी. त्यांना पाहिलं की आपल्याला कणव येते आणि आपण देऊ लागतो. कपडे, खाऊ, सल्ला. काहीजण खोदून खोदून विचारतात की नेमकं काय झालं होतं. देणाऱ्याचं मन यानं हलकं होतं. घेणाऱ्याला मात्र आपण पुन्हा कोणाचं तरी ओझं झालो, असं वाटू शकतं.

त्यापेक्षा त्यांच्याकडून काही मागून पाहावं. भाचा सायकल बरी दुरुस्त करत असेल, तर आपली त्याच्याकडे द्यावी. ती मुलगी गणितात हुशार असेल, तर धाकट्याचा अभ्यास तिला घ्यायला सांगावा. काम खरं हवं. मन रमवायला दिलेलं खोटं काम मुलांना लगेच कळतं. ते झेपेल एवढंच हवं. दहा वर्षांच्या पोरीवर घर टाकणं म्हणजे दुसरा अन्याय. आणि जखम फार खोल असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याकडे न्यायला अनमान करू नये. शेजारधर्म त्याच्या सोबतीला असतो, त्याच्या बदल्यात नव्हे.

ॲन सलिव्हनला बॉस्टनमध्ये उत्तम शिक्षण मिळालं, डोळ्यांवर उपचार मिळाले, हॉपकिन्सबाईंची माया मिळाली. त्या सगळ्यानं ती उभी राहण्याजोगी झाली. पण स्वतःच्या पायांवर ती खरी उभी राहिली ती दूरच्या एका गावात, तिच्याइतक्याच चिडलेल्या एका मुलीला तिची गरज पडली तेव्हा. म्हणून यापुढे मुलांना हेलन केलरची गोष्ट सांगाल, तेव्हा पंपाशी थांबू नका. त्या रात्री हेलन आपण होऊन बाईंच्या कुशीत शिरली, तेही सांगा. आणि बाईंना त्याचं इतकं का वाटलं, असं मुलांनी विचारलं, तर जिमीचीही गोष्ट सांगा.